ऊस नोंदीची लिंक टेबलं आणि संथ नेटवर्क : हंगामाआधीच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

आमच्या साखर कारखान्यात उसाच्या आडसाली (जुलै-ऑगस्टमधल्या) लागणीच्या नोंदी सुरू झाल्यात. शेती ऑफिसातून रोज एकच फोन येतो, ‘मॅडम, नोंद फॉर्म उघडत नाही.’ उघडतो, पण शेतकरी सातबारा हातात घेऊन समोर बसलेला असताना पाऊण मिनिट म्हणजे न उघडल्यासारखंच.

आजची मांडणी लिहून ठेवते. सगळा डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये आहे. ती मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. फॉर्म आणि रिपोर्टची फाइल वेगळी आहे आणि तिच्यात डेटा फाइलमधली सगळी टेबलं लिंक केलेली (नुसती जोडलेली, डेटा तिकडेच) आहेत. पण तीही सर्व्हरवरच ठेवलीय आणि सगळेजण डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने तीच एक उघडतात. वापरणारे म्हणजे मुख्य ऑफिस, आवाराच्या दुसऱ्या टोकाचं शेती ऑफिस, दोन वजनकाटे आणि व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने) लांबची तीन गट ऑफिसं. डेटाची फाइल १.३ जीबी झालीय. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे हा प्रश्न नुसता वेगाचा नाही.

गट ऑफिसांसाठी मोठी इंटरनेट लाइन घ्यायचा प्रस्ताव कार्यकारी संचालकांच्या टेबलावर आहे. आठवडाभर थांबा म्हणून विनंती केली आहे. आधी मोजायचं.

१० जुलै

मोजलं. मुख्य ऑफिसातून सर्व्हरला पिंग (एक फेरी जाऊन यायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आत. शेती ऑफिसातून कधी दोन, कधी पंधरा, मधेच एखादं पॅकेट हरवतं. गट ऑफिसांतून सरासरी सत्तर.

ॲक्सेसची डेटा फाइल सर्व्हरवर असली तरी सर्व्हर त्या डेटाबद्दल काहीच ठरवत नाही. तो फक्त मागितलेली पानं देतो, ४ केबीचं एक पान. कुठल्या ओळी हव्यात, कुठल्या नकोत, जोडणी कशी करायची, बेरीज किती, हे सगळं क्लार्कच्या पीसीवर चालतं. इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असेल तर आधी इंडेक्सची पानं येतात आणि त्यावरून नेमकी डेटाची. इंडेक्स नसेल तर अख्खं टेबल वायरवरून येतं.

वायरशार्क हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम लावून बघितलं तर नोंद फॉर्म उघडताना साधारण सहाशे मागण्या जातात, बहुतेक एकामागून एक, आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची निघत नाही. सहाशे गुणिले सत्तर मिलिसेकंद म्हणजे बेचाळीस सेकंद. एवढ्यात डेटा किती येतो? अडीच एमबीच्या आसपास. तो दहा एमबीपीएसच्या लाइनवरून दोन-तीन सेकंदांत यायला हवा. म्हणजे लाइन दुप्पट रुंद केली तरी चाळीस सेकंद जसेच्या तसे राहणार. दर जिन्नसासाठी बाजाराला वेगळी फेरी मारायची असेल तर पिशवी मोठी घेऊन उपयोग नाही.

मोठ्या लाइनचा प्रस्ताव थांबवला. फेऱ्या कमी करणं हेच या प्रकल्पाचं काम.

१५ जुलै

शेती ऑफिसची केबल आज उकलून बघितली. मुख्य ऑफिसपासून अंतर १०० मीटरच्या वर जातं, आणि तांब्याच्या इथरनेट केबलची हद्द तिथेच संपते. वाटेत पंप हाउसमध्ये एक स्विच टाकून ती हद्द ओलांडलेली आहे. मधला बराच पल्ला मोटरच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधून जातो. शेती ऑफिसच्या टोकाचा पोर्ट दुसऱ्या टोकाशी आपोआप वेग ठरवताना १० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) येऊन बसलाय.

इथे क्वेरी (डेटा मागणारा हुकूम) सुधारून भागणार नाही. दोन इमारतींमध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी) मागवले. फायबरला मोटरचा त्रास नाही, आणि वळवाच्या विजांत दरवर्षी पोर्ट जळतात तेही थांबेल.

१९ जुलै

फ्रंट एंड, म्हणजे फॉर्म आणि रिपोर्टची फाइल, प्रत्येक पीसीवर गेली. लॉगिन होताना एक छोटी बॅच फाइल सर्व्हरवरची आवृत्ती बघते आणि नवी असेल तरच कॉपी करते. फॉर्म, रिपोर्ट, कोड आता वायरवरून येत नाहीत. फाइल बिघडलीच तर एकाच्याच पीसीवर बिघडते, सगळं ऑफिस बसत नाही.

लिंक्स ड्राइव्ह अक्षरावर होत्या. कोणाकडे तो झेड, कोणाकडे वाय. सगळ्या लिंक पूर्ण नेटवर्क पाथवर आणल्या. फ्रंट एंड सुरू होताना कोड एकेका टेबलाची लिंक तपासतो आणि पाथ बदललेला असेल तरच रिफ्रेश करतो. दर वेळी सगळ्या लिंक रिफ्रेश करणारा जुना कोड काढला. गट ऑफिसात निव्वळ त्यातच वेळ जात होता.

२४ जुलै

आजचा बदल ओळीच्या हिशेबात अगदी लहान, पण आतापर्यंतचा सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

ॲक्सेसची डेटा फाइल कोणी उघडली की तिच्या शेजारी लॉक फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक वापरणाऱ्याची ६४ बाइट्सची नोंद असते, त्यात पीसीचं नाव आणि लॉगिनचं नाव. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती फाइल पुसली जाते. फ्रंट एंडने एकही लिंक टेबल उघडं धरलेलं नसेल, तर फॉर्म उघडताना आणि बंद करताना डेटा फाइलशी नातं पुन्हा जोडायचं, पुन्हा तोडायचं. लॉक फाइल बनव, नोंद लिही, हक्क तपास, पूस. या सगळ्या फेऱ्याच.

उपाय असा केला. फ्रंट एंड सुरू झाला की एक लपलेला फॉर्म उघडतो. तो ‘आवृत्ती’ नावाच्या एका ओळीच्या लिंक टेबलाला बांधलेला आहे आणि दिवसभर उघडाच राहतो. जोडणी सकाळी एकदा होते, संध्याकाळी तुटते. शेती ऑफिसात फायबर यायच्या आधीच फॉर्म निम्म्या वेळात उघडायला लागला.

त्याच बसणीत दोन गोष्टी बंद केल्या. टेबलांचा सबडेटाशीट गुणधर्म ‘ऑटो’ होता तो ‘नन’ केला. ‘ऑटो’ असला की टेबल उघडताना ॲक्सेस त्याच्याशी नातं असलेली टेबलंही धुंडाळत बसतं. हा गुणधर्म मूळ डेटा फाइलमध्ये जाऊन बदलावा लागतो. आणि दुसरी गोष्ट नेम ऑटोकरेक्ट, बदललेली नावं आपोआप सुधारत बसणारी सोय.

२ ऑगस्ट

काल दिवसभर शेती ऑफिसात हेड क्लार्क ताईंच्या शेजारी बसून राहिले, नुसतं बघत.

शेतकरी येतो. ताई विचारतात, ‘गाव कुठलं?’ मग ‘कोणाच्या नावावर?’ तोपर्यंत बहुतेक वेळा सभासद कोड त्यांच्या बोटांवर आलेला असतो. वीस वर्षं याच गावांच्या नोंदी लिहिल्यात. त्या फॉर्मवरच्या नावांच्या यादीला हातही लावत नाहीत. मात्र ती यादी फॉर्मबरोबर उघडतेच, बावीस हजार नावं घेऊन. त्याखाली फॉर्म स्वतः ‘ऊस नोंद’ हे अख्खं टेबल घेऊन उघडतो, मागच्या सगळ्या हंगामांसकट, आणि ताई लगेच ‘नवीन’ दाबतात. आधी आणलेल्यातली एकही ओळ कोणी वाचत नाही.

म्हणून फॉर्म नव्याने बांधला. उघडतो तो रिकामा. वर एकच चौकट, सभासद कोड. कोड टाकला की त्या शेतकऱ्याच्या चालू हंगामातल्या नोंदी तेवढ्या येतात, चार-पाच ओळी. कोड माहीत नसेल तर आधी गाव, मग नावाची पहिली तीन अक्षरं, आणि मगच यादी.

गाव, गट, उसाची जात, लागणीचा प्रकार (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा) ही टेबलं वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा बदलतात. त्यांची प्रत प्रत्येक फ्रंट एंडमध्येच ठेवली. ‘आवृत्ती’ टेबलातला आकडा वाढला तरच प्रत नव्याने भरली जाते. को ८६०३२ हे उसाच्या जातीचं नाव दिवसातून शंभर वेळा सर्व्हरकडून मागवण्यात अर्थ नव्हता.

ताईंनी दुपारी वापरून बघितला. ‘हे आधीच का नाही केलं’ म्हणाल्या आणि पुढच्या शेतकऱ्याला हाक मारली.

८ ऑगस्ट

तोडणी कार्यक्रमाची क्वेरी. ऊस पक्व कधी होतो हे लागण तारखेवरून ठरतं, म्हणून ही क्वेरी हंगामात रोज चालते. तिच्यात लागण तारखेचं आधी वर्ष-महिन्याच्या मजकुरात रूपांतर करून मग तुलना होती. तारखेवर इंडेक्स आहे, पण तारीख फंक्शनमध्ये गुंडाळली की तो वापरता येत नाही आणि अख्खं टेबल खेचलं जातं. तुलना ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी लिहिली आणि हंगाम, गट, लागण तारीख असा जोड इंडेक्स बनवला. क्वेरीत दर ओळीला डीलूकअप (एकेक किंमत वेगळी शोधून आणणारं फंक्शन) लावून नाव आणलं जात होतं, तिथे साधी जोडणी केली.

नावावरून शोध ही आपल्याकडची खास अडचण आहे. आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे ‘पाटील’ने सुरू होणारी नावं हजारांनी. यावर जुन्या प्रोग्राममध्ये तारांकन (‘इथे काहीही चालेल’ची खूण) दोन्ही बाजूंना टाकून शोधत होते. पुढे तारांकन आलं की इंडेक्स गेला. आता गाव सक्तीचं केलं, त्यानंतर आडनावाची सुरुवात.

त्यातही ‘सूर्यवंशी’ आणि ‘सुर्यवंशी’ दोन्ही आहेत. ‘दऱ्याप्पा’मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. पडद्यावर सारखाच दिसतो, आतले कोड वेगळे. शोध रिकामा आला की क्लार्क नवीन शेतकरी म्हणून नोंद करतो आणि एकाच माणसाची दोन खाती पडतात. बिलाच्या वेळी त्याची सोसायटीची वसुली एका खात्यावर आणि ऊस दुसऱ्यावर. ऱ्य साठवतानाच एका पद्धतीत आणणारं छोटं फंक्शन फॉर्मवर बसवलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांची यादी काढून ताईंकडे दिली. त्या माणसं ओळखतात, हे काम यंत्रावर सोडायचं नाही.

२१ ऑगस्ट

फायबर लागलं. शेती ऑफिस आणि मुख्य ऑफिस आता एकाच वेगाने चालतात. पिंग दोन्हीकडे एकच्या आत. त्याबद्दल यापुढे लिहायची गरज नाही.

गट ऑफिसांचं मात्र सोपं नाही. वरच्या सगळ्या बदलांनी फॉर्म बेचाळीस सेकंदांवरून नऊवर आला. पण परवा एका गट ऑफिसची वीज गेली, राउटर बंद पडला, आणि तेव्हाच तिथे नोंद साठवली जात होती. सगळ्यांना ‘डेटाबेस विसंगत स्थितीत आहे’ असा संदेश. सर्व्हरवरचं फाइल लीजिंग (फाइलचे बदल पीसीवरच तात्पुरते साठवू देणारी सोय) हे या संदेशाचं एक ठाऊक असलेलं कारण आहे, पण ते आम्ही आधीच बंद केलंय. बॅकअपवरून दुपारपर्यंत सावरलं.

यामागचं कारण मांडणीतच आहे. फाइलमध्ये लिहिणारा सर्व्हर नसतो, वीस किलोमीटरवरचा पीसी असतो. एक नोंद म्हणजे डेटाचं पान, इंडेक्सची दोन-तीन पानं, लॉक. यातलं निम्मं पोचलं आणि लाइन तुटली, तर उरलेलं पूर्ण करणारं किंवा मागे घेणारं सर्व्हरवर कोणी नाही. म्हणून आज ठरवून टाकलं की व्हीपीएनवरून किंवा वायफायवरून ॲक्सेसची डेटा फाइल उघडायची नाही. वेग कितीही सुधारला तरी.

दोन पर्याय होते. गट ऑफिसांनी रिमोट डेस्कटॉपवर काम करायचं, किंवा डेटा एसक्यूएल सर्व्हर या सर्व्हरवरच चालणाऱ्या डेटाबेसवर न्यायचा. रिमोट डेस्कटॉप या कामाला चांगला आहे, कारण लाइनवरून फक्त पडद्याचं चित्र जातं. पण प्रत्येक वापरणाऱ्याचं वेगळं लायसन्स लागतं, आणि २ जीबीचा प्रश्न तसाच राहतो. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती मोफत आहे, २०२२च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत जागा. लाइन तुटली तर अर्धवट व्यवहार सर्व्हर स्वतः मागे घेतो. तीच घ्यायची. फॉर्म ॲक्सेसचेच राहतील, लोकांना नवीन काही शिकावं लागणार नाही.

३० ऑगस्ट

स्थलांतर. मायक्रोसॉफ्टचं मायग्रेशन असिस्टंट वापरलं. ते कुठे अडलं आणि काय केलं, ते सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी लेखा विभागाचा डेटाही याच वाटेने जाणार आहे.

तारखा. ‘ऊस नोंद’ मधल्या काही ओळी जाईनात. लागण तारखेत वर्ष २०२ किंवा २०१ पडलेलं, चौथा आकडा दाबला गेला नव्हता. ॲक्सेस सन १००पासूनच्या तारखा बिनतक्रार घेतो. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम १ जानेवारी १७५३च्या आधीचं घेत नाही. ओळी हातानं दुरुस्त केल्या आणि फॉर्मवर तारखेची हद्द घातली.

होय-नाहीचे रकाने. सर्व्हरवर ते बिट (शून्य किंवा एक) होतात आणि रिकामे राहू शकतात. ॲक्सेसला रिकामं बिट झेपत नाही. ओळ साठवताना ‘दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे’ असं सांगतो, जेव्हा दुसरं कोणीच नसतं. सगळे बिट रकाने ‘रिकामं चालणार नाही, डीफॉल्ट शून्य’ केले.

क्षेत्र. ०.४० हेक्टर हे जुन्या टेबलात सिंगल या दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात साठवलेलं. ओळ बदलताना ॲक्सेस जुन्या सगळ्या किमती सर्व्हरवरच्या किमतींशी ताडून बघतो, आणि दशांशाच्या शेवटच्या टोकाला त्या जुळत नाहीत. पुन्हा तोच ‘कोणीतरी बदललं’ संदेश. क्षेत्र आणि वजन दोन्ही डेसिमल (नेमके दशांश ठेवणारा प्रकार) केली आणि प्रत्येक टेबलाला रोव्हर्जन रकाना (ओळ बदलली की आपोआप बदलणारा आकडा) जोडला. तो असला की ॲक्सेस तेवढाच एक ताडतो.

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना. एका जुन्या वाहन टेबलाला ती नव्हती. ओडीबीसीने (ॲक्सेसला सर्व्हरशी जोडणाऱ्या मार्गाने) लिंक केल्यावर ते टेबल फक्त वाचता येत होतं.

आणि देवनागरी. मजकुराचे रकाने एनव्हारकॅर (युनिकोड मजकूर) आहेत, तरी पास-थ्रू (जशीच्या तशी सर्व्हरकडे जाणाऱ्या) क्वेरीतून ‘शिंदे’ शोधलं की काहीच येत नव्हतं. अवतरणाआधी एन अक्षर लावलं नाही तर सर्व्हर त्या मजकुराला जुन्या कोडपेजमध्ये (मर्यादित अक्षरांच्या संचात) बसवतो आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. कोडमध्ये जिथे जिथे नाव जोडून क्वेरी बनते तिथे तिथे एन लावला.

५ सप्टेंबर

परवा गणपती. त्याआधी एका गट ऑफिसात ओडीबीसी लिंकवर दिवसभर चालवून बघितलं.

लिंक टेबल एसक्यूएल सर्व्हरचं झालं म्हणून फेऱ्या आपोआप कमी होत नाहीत. ॲक्सेस आधी जुळणाऱ्या ओळींच्या फक्त की मागवतो आणि मग त्या की घेऊन दहा-दहा ओळी. फॉर्मला चारच ओळी लागत असतील तर हे उत्तम. यादीत पाच हजार ओळी असतील तर पुन्हा शेकडो फेऱ्या. ऑगस्टमध्ये फॉर्म रिकामा उघडायचा केला त्याचं खरं चीज इथे झालं.

धोक्याची जागा म्हणजे फ्रंट एंडमधल्या स्थानिक टेबलाची सर्व्हरच्या टेबलाशी जोडणी. सर्व्हरला ते स्थानिक टेबल दिसतच नाही, मग जोडणी पीसीवर होते आणि त्यासाठी सर्व्हरकडून हवं-नको ते सगळं ओढलं जातं. नियम केला की स्थानिक गाव-जात टेबलं फक्त फॉर्मवरच्या याद्यांसाठी, क्वेरीत कधीही नाहीत. नावं लागणाऱ्या क्वेरीसाठी सर्व्हरवर व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) बनवले आणि ते लिंक केले. तोडणी कार्यक्रम आणि गटवार गोषवारा पास-थ्रूवर गेले, एक मागणी, एक उत्तर.

नोंद फॉर्म गट ऑफिसातून दोन सेकंदांत. लाइन जुनीच.

१८ सप्टेंबर

वजनकाटा. इथे मी वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला जपणार आहे.

हंगामात गेटवर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस उभ्या असतात. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, आणि निव्वळ वजनाची स्लिप हातात. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या स्लिपवरच्या आकड्यात असतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि त्या हिशेबाची सुरुवात इथून होते. हा आकडा नेटवर्कच्या भरवशावर सोडता येत नाही.

म्हणून काट्याचा पीसी आपलं वजन आधी आपल्याच डिस्कवरच्या टेबलात लिहितो, आणि स्लिपही तिथूनच छापतो. सर्व्हर आहे की नाही हे तो तेव्हा विचारतच नाही. दुसरा एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला न पाठवलेल्या ओळी सर्व्हरकडे ढकलतो आणि ‘पोचली’ असं उत्तर आलं तरच ओळीवर खूण करतो. उत्तर वाटेत हरवलं तर ओळ पुन्हा जाते, पण तोच स्लिप नंबर सर्व्हरवर आधीच असेल तर ती दुसऱ्यांदा धरली जात नाही.

नंबर ॲक्सेसच्या ऑटोनंबरवर ठेवला नाही. दोन काटे वेगवेगळे लिहितात, नंबर एकमेकांवर पडतील. हंगाम, काटा क्रमांक आणि त्या काट्याचा चढता आकडा असा स्लिप नंबर बनतो. पोचलेली स्लिप कोणालाही बदलता येत नाही. दुरुस्ती असेल तर ती वेगळी नोंद, कोणी केली आणि कधी यासह.

पाळी बदलताना काट्यावरच्या ओळी आणि निव्वळ वजनाची बेरीज सर्व्हरवरच्या बेरजेशी ताडायची. जुळलं नाही तर पडद्यावर लाल पट्टी. काटा क्लार्कने सुचवलं की ही बेरीज कागदी रजिस्टरवरही उतरवू. सूचना लगेच घेतली.

९ ऑक्टोबर

बॅकअप. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरवर रात्रीचा पूर्ण बॅकअप लावला आणि त्याची प्रत दुसऱ्या इमारतीत. आज दुसऱ्या पीसीवर तो बॅकअप उतरवून ‘ऊस नोंद’ उघडून बघितली. तिन्ही गट ऑफिसांना राउटर आणि पीसीसाठी इन्व्हर्टर बसले.

२४ ऑक्टोबर

काट्यावर रंगीत तालीम. कारखान्याचाच एक ट्रॅक्टर रिकामा आणि भरलेला फिरवला. भरलेल्या गाडीचं वजन साठवताना काटा क्लार्कनं भिंतीवरची नेटवर्क केबल उपटली. वजन लिहिलं गेलं, स्लिप छापली, ट्रॅक्टर पुढे गेला. केबल बाहेर ठेवूनच आणखी वजनं केली. नंतर केबल लावली, मिनिटभरात सगळ्या ओळी सर्व्हरवर, एकही दोनदा नाही, आणि बेरीज तंतोतंत जुळली. शेती अधिकारी साहेबांनी स्लिपा आणि सर्व्हरवरचे आकडे स्वतः एकेक करून ताडले आणि रजिस्टरवर सही केली.

राहिलेलं असं. दुसऱ्या काट्याचा प्रिंटर देवनागरी नावात मात्रा तोडतो, त्याचा फाँट बदलून पुन्हा छापायचा. एका गट ऑफिसात ओडीबीसी ड्रायव्हरची जुनी आवृत्ती आहे, ती बदलायची. जुनी ॲक्सेस डेटा फाइल फक्त वाचण्यापुरती करून ठेवली आहे. पहिली बिलं निघून ताळा बसेपर्यंत ती तिथेच राहील.